कुणाला ‘मादोका’ दाखवायचीय? मग हे वाचाच

तुम्ही ‘मादोका मॅजिका’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहिली आहे. अभिनंदन. आता तुमच्यावर एक सामाजिक जबाबदारी येऊन पडली आहे: ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांना ती सुखाने पाहू न देणं. बहुतेक चाहते ही जबाबदारी इमानेइतबारे पार पाडतातच. पण परवा आमच्या ग्रुपातल्या एका दादांनी ती ज्या निष्ठेने पार पाडली, ते बघून वाटलं, हे ज्ञान नवख्यांसाठी लिहून ठेवायला हवं. (ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं फोडलेलं आहे. मला एवढीही सूचना मिळाली नव्हती.)

सावज निवडताना घाई करू नका. शक्यतो डोरेमॉन-शिनचॅनवर वाढलेलं, ॲनिमे म्हटलं की फार तर नारुतो आठवणारं माणूस धरा. त्याला सांगा, ‘छान आहे, शाळेतल्या मुली आहेत, जादू करतात, एक मांजरासारखं गोड पांढरं पिल्लू आहे.’ इथवर ठीक. 2011 च्या जानेवारीत मालिका सुरू झाली तेव्हा निर्मात्यांनीही जपानी प्रेक्षकांना साधारण एवढंच कळू दिलं होतं. पात्रांचे चेहरे उमे आओकीचे: गोल गाल, टपोरे डोळे. बघताक्षणी वाटावं की या मुली आता डबा खातील, परीक्षेला घाबरतील आणि गोष्ट संपेल. पटकथा मात्र गेन उरोबुचीची, ज्याच्या गोष्टीत जीव लावलेलं पात्र शेवटपर्यंत टिकेल याची खात्री देता येत नाही. दिग्दर्शक आकियुकी शिनबो आणि शाफ्ट स्टुडिओने या दोघांचं काम एकत्र आणलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

तुम्ही ठेवू नका. तुम्ही सावजाच्या खांद्यावर हात ठेवून, भुवया उडवत म्हणा, ‘फक्त तिसऱ्या भागापर्यंत थांब हं. मग बोलू.’

बघा, स्पॉयलर दिलाच नाही! ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. आता ते बिचारं माणूस पहिले दोन भाग बघतच नाही. कोण मरणार याचा हिशेब मांडत बसतं. मामीने (त्या जादूई मुलींपैकी एक, कुणाची मामी नव्हे) चहा ओतला, केक पुढे केला, की याच्या मनात ‘हीच का?’ तिसऱ्या भागात मामी पहिल्यांदा मोकळी होते, आता मी एकटी नाही म्हणून हरखून जाते, आणि त्या हरखण्यातच बेसावध होते. तिथे पायाखालची जमीन सरकायला हवी. ती सरकत नाही, कारण तुम्ही आठवडाभर आधीपासून ती खणून ठेवलेली असते.

पहिल्याच भागाला सुरुवातीचं गाणं लागलं की लगेच सांगा, ‘हे नक्की कोणाच्या मनातलं आहे ते दहाव्या भागात कळेल.’ म्हणजे दहाव्या भागात कळायला काही उरणार नाही.

तिसरा भाग चालू असताना स्क्रीनकडे बघू नका. सावजाच्या तोंडाकडे बघा.

नुसतं बघूही नका, रेकॉर्ड करा. दादांनी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. मला वाटलं, चार्ज होतोय. तिकडे ती पिटुकली बाहुलीसारखी चेटकीण खुर्चीवरून खाली पडली, मामीने तिला जायबंदी केलं, रिबिनींनी बांधलं, आणि बाहुलीच्या तोंडातून ते लांबलचक काळं धूड बाहेर आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. माझ्या हातातला वेफर हातातच राहिला. मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. तर शेजारून आवाज आला, ‘अगं, किंचाळलीस नाहीस?’ आणि पाठोपाठ, ‘थांब, जरा मागे घेतो, परत एकदा बघ.’ म्हणजे मामीला पुन्हा एकदा मारायचं, कारण माझ्या चेहऱ्यावर पुरेसं काही उमटलं नाही! दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं: ‘हिची रिॲक्शन बघा, हाहाहा.’ त्यात माझी हनुवटी आणि वेफरची पिशवी एवढंच नीट दिसतंय.

या मालिकेत असाच एक जीव आहे, तुम्हाला आठवत असेल: ते गोड पांढरं पिल्लू, क्यूबे. एक इच्छा पुरी करून मुलींना जादूई मुली बनवण्याचा करार करतो, पण अटी आपणहून सांगत नाही. पोरींनी जाब विचारला की म्हणतो, तुम्ही विचारलंच कुठे होतं. मुलगी आशेच्या टोकावरून निराशेच्या तळाशी कोसळली की त्यातून जी ऊर्जा सुटते, ती गोळा करतो. पण क्यूबेचं निदान असं तरी आहे की त्याला विश्व विझण्यापासून वाचवायचं असतं. दादांना चार लाइक हवे होते.

रडू आलं तर ‘हे तर काहीच नाही, पुढे बघ’ म्हणा. नाही आलं तर ‘तुला भावनाच नाहीत’ म्हणा.

मध्येमध्ये थोडा इतिहासही ठोकून द्या. ‘जादूई मुलींच्या गोष्टीत अंधार आणणारी ही पहिलीच मालिका.’ 1966 च्या ‘सॅली’ या मालिकेपासून हा प्रकार चालत आलाय, 1982 साली सुरू झालेल्या ‘मिंकी मोमो’ची नायिका ट्रकखाली आली होती, ‘सेलर मून’च्या पहिल्याच पर्वाच्या शेवटी चारही मैत्रिणी एकेक करून मरतात (आणि मग परत येतात), ‘उतेना’ 1997 ची आहे, असले तपशील कुणी काढले तर नाक मुरडा. मादोकाआधी सगळं गुलाबी होतं, विषय संपला.

क्यूबेची बाजू घ्या. ‘लॉजिकली बघितलं तर तो बरोबरच होता’ हे वाक्य चष्मा वर सरकवत म्हटलं की अर्धी लढाई जिंकलीच. एन्ट्रॉपी, उष्मागतिकीचा दुसरा नियम, विश्वाचं भवितव्य विरुद्ध काही शाळकरी पोरी: बारावीनंतर पहिल्यांदाच फिजिक्स कामाला आलेलं असतं, ते वाया घालवू नका. अकराव्या भागात क्यूबे गुराढोरांचा दाखला देतो, तुम्ही त्यांना पोसता आणि खाता, आम्ही तर तुमच्याशी त्याहून बरं वागतो. हा दाखला तुम्ही थेट उचला, स्वतःचा म्हणून द्या. ज्याला भावना म्हणजे काय हेच कळत नाही त्याच्या तोंडी लेखकाने हा युक्तिवाद का घातला असेल, या भानगडीत पडू नका.

आता मुख्य विषय. थिअरी.

कीस पाडण्याची या मालिकेत जेवढी सोय आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. चेटकिणींच्या चक्रव्यूहांची दृश्यं गेकिदान इनू करी या जोडीने रचलेली. कात्रणं, चिंध्या, लेस, कात्र्या, मिशीवाले कापसाचे गोळे. त्यात जागोजागी एक बनावट लिपी. 2011 मध्ये चाहत्यांनी ती लिपी बसून सोडवली, तर आतून जर्मन निघालं, आणि त्यात गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातल्या ओळी. वालपुर्गिसनाख्ट हे सगळ्यात मोठ्या चेटकिणीचं नावही त्याच वळणाचं. हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांना साष्टांग नमस्कार घालावासा वाटला. उपरोध नाही, खरंच. त्यांच्या हातात आठवड्याला एक भाग पडायचा आणि मधले दिवस खायला उठायचे. होमुरा, ती गूढ जादूई मुलगी, काळात मागे फिरतेय हे काहींनी दहाव्या भागाच्या कितीतरी आधी ताडलं होतं. मग 11 मार्चला भूकंप आणि त्सुनामी आली, प्रक्षेपण थांबलं, आणि शेवटचे दोन भाग 21 एप्रिलच्या रात्री उशिरा एकदम दाखवले गेले. दहाव्या आणि अकराव्या भागाच्या मध्ये सहा आठवडे. तेव्हा थिअरी मांडणं म्हणजे वाट बघणं होतं. त्या लोकांना शेवट माहीत नव्हता हो!

तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडे बाराच्या बारा भाग आहेत, वर 2013 चा ‘रिबेलियन’ हा चित्रपट आहे, 2021 मध्ये जाहीर होऊन तारखा पुढे सरकत राहिलेल्या चित्रपटाचे ट्रेलर तुम्ही थांबवून थांबवून पाहिले आहेत. तरी तुम्ही काय करायचं? दर दहा मिनिटांनी पॉज. ‘तुला काय वाटतं, होमुरा कोण असेल?’ उत्तर चुकलं की सूचक हसा. बरोबर आलं की ‘कुठे वाचलंस?’ म्हणून उलटतपासणी घ्या. पुन्हा प्ले. पुन्हा पॉज. ‘मागच्या भिंतीवर बघ, काय दिसतंय?’ भिंत दिसतेय. ‘नाही, नीट बघ.’ नीट भिंत दिसतेय.

आठव्या भागातली ती लोकल आठवा. मादोकाची मैत्रीण सायाका थकून, स्वतःवरच चिडून डब्यात बसलीय. आवडत्या मुलाचा हात बरा व्हावा म्हणून तिने स्वतःचा जीव गहाण टाकला, तो आता व्हायोलिन वाजवतोय आणि तिच्या एका मैत्रिणीचंही त्याच्यावर प्रेम आहे. समोर दोन तरुण. त्यांच्या गप्पा चालल्या आहेत: बाईकडून पैसे कसे काढायचे, तिला डोक्यावर बसू कसं द्यायचं नाही, कंटाळा आला की कसं झटकायचं. सायाका उठते, त्यांच्यासमोर उभी राहते, त्या बाईबद्दल विचारते. मग विचारते की हे जग वाचवण्याच्या लायकीचं आहे का. पुढे काय झालं ते मालिका दाखवत नाही.

दादांनी इथे पॉज केलं आणि ‘मारलं की नाही मारलं’ यावर चहा थंड होईपर्यंत बोलले. सावलीचा कोन, पुढच्या दृश्यातली तिची तलवार, कुठल्याशा मुलाखतीत कोण काय म्हणालं. तावातावाने. आणि ते दोघे जे बोलत होते त्याबद्दल? एक अक्षर नाही. चौदा वर्षांची मुलगी समोर बसलेली असताना दोन पुरुष बायकांबद्दल काय बोलतात, ते ऐकून तिचं काय झालं, हा प्रश्न तुमच्या थिअरीत बसत नाही का? लोकलमध्ये आम्ही रोज ऐकतो ते. आम्हाला ते दृश्य समजायला सावलीचा कोन लागत नाही.

बरं, तेही सोडलं. अकरावा भाग.

वादळ आलंय, सगळं गाव निवाऱ्यात. मादोका बाहेर पडायला निघते आणि जिन्यावर आई तिचं मनगट धरते. ही जुंको. पहिल्या भागात आरशासमोर लेकीबरोबर दात घासणारी, तिच्यासाठी लाल रिबीन निवडून देणारी, ऑफिसला पळणारी आई. घरी बाबा स्वयंपाक करतात, बागेत टोमॅटो लावतात. जिन्यावर ती लेकीला एक चापट मारते. स्वतःचा जीव एकटीचा नसतो, म्हणून. मादोका म्हणते, मला माहीत आहे, तुम्ही मला किती जपलंत ते. म्हणूनच जायचंय. आई दोन प्रश्न विचारते. कोणी फसवत तर नाही ना? नक्की ना? आणि मग तिला वळवते आणि पाठीवर थाप मारून सोडते. काय चाललंय यातलं ओ का ठो तिला कळलेलं नाही. तरी सोडते.

मी तिथे खरोखर रडत होते. कोणासाठी नाही, माझं मी.

पॉज. ‘इथे एक थिअरी आहे. जुंको स्वतः आधी जादूई मुलगी होती. बघ, ती ज्या पद्धतीने हात धरते ना...’

नाही. नाही हो! ती आई आहे, एवढंच आहे ते. एखादी आई पोरीवर विश्वास ठेवते याला तुम्हाला जादू का लागते? तुम्ही ही मालिका कितीदा पाहिलीत, तुम्हाला पार्श्वभूमीतल्या खुर्च्या पाठ आहेत, पण बाराव्या भागात, मादोका सगळ्यांच्या आठवणीतून पुसली गेल्यावर, नदीकाठी जुंको होमुराच्या केसांतली ती रिबीन बघून म्हणते की मला मुलगी असती तर तिला अशीच बांधली असती, त्या वाक्यावर तुम्ही उठून फ्रिज उघडलात. मी बघितलं. तुम्ही माझं तोंड बघत होतात, तसं मीही तुमचं बघत होते.

तुम्हाला गोष्ट नको आहे. तुम्हाला कोडं हवंय, आणि ते आपल्याला आधी सुटलं हे दाखवायला समोर कोणीतरी बसलेलं हवंय. मग बसवा कोणालातरी, पण ‘मालिका बघायला ये’ म्हणून बोलावू नका. पोरीबाळींची दुःखं बघताना ज्याला फक्त त्यातले धागेदोरे दिसतात, त्याने दुसऱ्याला ‘तुला भावना नाहीत’ म्हणू नये. पहिल्यांदा बघणाऱ्याला बघू द्या. तो गप्प बसला तर तुम्हीही बसा. त्याने विचारलं तरच बोला. बारा भाग आहेत, पाच तासांच्या आत संपतात. तेवढा वेळ तोंड मिटून बसायला कोणाशी करार करावा लागत नाही.

आणि दादा, तो व्हिडिओ ग्रुपवरून काढा. आजच.