पाण्याचा इंटरकूलर बसवायला नाही का म्हणालो: दोन तारे देणाऱ्या भाऊंना उत्तर

राम राम भाऊ. तुमचा रिव्ह्यू वाचला. गाडी आता बरी ओढते असं तुम्ही लिहिलंत, तरी दोनच तारे दिलेत. कारण तुम्ही पाण्याचा इंटरकूलर (टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने, तापवलेली हवा पाण्याने थंड करणारा भाग) बसवून मागितला आणि आम्ही नाही म्हणालो. "पाणी हवेपेक्षा जास्त थंड करतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं, यांना कळत नाही," असं लिहिलंत, आणि नुसतं धुऊन बिल फाडलं असंही. मोबाइलवर व्हिडिओ बघून हाच प्रश्न आता बरेच गाडीमालक विचारतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या ट्रकचं. केळी भरून बिजासन घाट चढताना गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, टर्बोची शिट्टी वाढलीय, ही तक्रार होती. आम्ही इंटरकूलरची दोन्ही तोंडं बंद करून टर्बो देतो तेवढ्या दाबाची हवा आत सोडली आणि साबणाचं पाणी मारलं. खालचा हौज पाईप ब्रॅकेटला घासत होता, बरोबर तिथे फेस आला. वरून पाईप धडधाकट दिसत होता. हाताने वाकवला तेव्हा चीर उघडली आणि तिच्याभोवती तेलकट काळा डाग दिसला, म्हणजे गळती जुनी. सपाट रस्त्यावर चालकाला ती जाणवत नाही. घाटात दाब चढला की चीर उघडते, हवा बाहेर जाते, डिझेल मात्र पडत राहतं. काळा धूर त्याचाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दिवाळीनंतर गाडी जिनिंगच्या गाठींवर होती, असं तुमच्या चालकाने सांगितलं. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती. बोल्ट सोडून इंटरकूलर पुढे ओढला, तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापसाचे तंतू, धूळ आणि तेल यांचा थर बसलेला होता, बोटाने उचलता येईल एवढा जाड. तुम्ही ज्याला नुसतं धुणं म्हणता ते हे काम. कोअर (इंटरकूलरचा जाळीचा गाभा) उतरवणं, धुणं, दोन्ही हौज पाईप आणि क्लॅम्प नवे, परत प्रेशर टेस्ट, एवढंच बिलात आहे. जुना पाईप अजून आमच्याकडे ठेवलाय, कधीही येऊन बघा.

आता पाण्याचं. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंश असताना टर्बोतून निघणारी हवा लोडवर १५० अंशांच्या पुढे जाते. गरम हवा विरळ असते. तीच १५० वरून ६० अंशांवर आणली तर त्याच दाबाला सुमारे सव्वापट हवा सिलिंडरमध्ये मावते. इंटरकूलरचं काम एवढंच.

तुमच्या गाडीत ही उष्णता ॲल्युमिनियमच्या फिन्समधून (पातळ पट्ट्यांमधून) थेट समोरच्या वाऱ्याला जाते. पाण्याच्या इंटरकूलरमध्ये ती आधी पाण्यात जाते, मग पंप ते पाणी पुढच्या वेगळ्या छोट्या रेडिएटरमध्ये नेतो आणि तिथून ती वाऱ्याला जाते. शेवटी वारा तोच, ४५ अंशांचा. पाणी त्या वाऱ्याहून थंड होऊ शकत नाही आणि टर्बोची हवा त्या पाण्याहून थंड होऊ शकत नाही. मध्ये एक टप्पा वाढला, आणि प्रत्येक टप्प्यावर काही अंश हातचे जातात.

पाण्यात उष्णता जास्त मावते हे तुमचं म्हणणं खरं आहे. वजनाला वजन घेतलं तर पाणी हवेच्या चौपट उष्णता धरतं. म्हणूनच थोडा वेळ जोर लावायचा असेल तिथे ते उत्तम काम करतं. सरळ रस्त्यावरच्या छोट्या (ड्रॅग) शर्यतीच्या गाड्यांत टाकीत बर्फ टाकतात, काही सेकंदांत शर्यत संपते. घाटाचा हिशोब वेगळा आहे. तुमच्याएवढं इंजिन पूर्ण लोडवर असताना इंटरकूलरला साधारण २० किलोवॅट उष्णता काढावी लागते, म्हणजे घरातले दहा गीझर एकदम चालू. पुढचा रेडिएटर कमी पडला तर १० लिटर पाणी मिनिटाभरात ३० अंशांनी तापतं. बिजासन चढायला मिनिटापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. पाणी एकदा तापलं की सगळं पुढच्या रेडिएटरवर येतं, आणि तो बसवायचा कुठे? तुमच्या रेडिएटरच्या पुढेच. तीच जागा, तोच वारा, तोच कापूस.

"जनरेटरला पाण्याचाच असतो, मी स्वतः पाहिलाय," असंही तुम्ही लिहिलंत. बरोबर पाहिलंत. कमिन्सच्या एनटीए ८५५ सारख्या जुन्या इंजिनांत आफ्टरकूलरमधून (इंटरकूलरचंच दुसरं नाव) इंजिनचंच पाणी फिरायचं. ते पाणी ८५-९० अंशांचं, त्यामुळे हवा त्याच्या खाली येत नाही. त्या काळाला ते पुरेसं होतं. आज कुणी तुमच्या ट्रकला इंजिनच्या कूलंटची लाइन जोडून देत असेल तर साठ अंशांची हवा नव्वदच्या पुढे जाईल आणि वर इंजिनही तापेल. हे कुणाकडूनही करून घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

पाण्याचा इंटरकूलर वाईट असतो असं मी कधीच म्हणणार नाही. बोटींना तोच लागतो, कारण खाली थंड पाणी अखंड मिळतं. फोर्डच्या अमेरिकेतल्या सुपर ड्युटी गाड्यांत २०११ पासून ६.७ लिटरच्या डिझेलला कंपनीतूनच तो येतो. आकार छोटा, पाईप आखूड, त्यामुळे टर्बो लवकर उचलतो. पण तिथे वेगळी थंड पाण्याची लाइन, पंप, रेडिएटर आणि कंट्रोल हे सगळं इंजिनसोबतच आखलेलं आहे. बाजारातला किट आणून क्लॅम्पने जोडलेला नाही.

तुम्ही सावद्याच्या ज्या गाडीचं उदाहरण दिलंत ती मी पाहिलेली नाही, तिच्याबद्दल बोलणार नाही. त्या मालकाला एवढंच विचारा, की रात्री पंपाचा फ्यूज गेला तर चालकाला कसं कळतं? हवेच्या इंटरकूलरमध्ये बंद पडण्यासारखा पंपच नाही. आणि कोअर आतून गळला तर पाणी कुठे जातं? बंद गाडीत ते हवेच्या पाईपमधून सिलिंडरमध्ये उतरू शकतं. पाणी दाबलं जात नाही, सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. केळी भरलेली, इंजिन उघडलेलं, ही वेळ मला तुमच्यावर आणायची नव्हती. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम) प्रश्न येऊ शकतो, पासिंगला आणि विम्याला तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. काम करून पैसे घेणं मला सोपं होतं.

पुढच्या कापसाच्या हंगामात गाठी संपल्या की इंटरकूलर पुढे ओढून फट साफ करून घ्या. आमच्याकडेच या असं नाही, कुठेही करा. फक्त प्रेशर पंपाची धार फिन्सवर तिरकी मारू देऊ नका, फिन्स आडव्या पडतात आणि वारा अडतो. धार सरळ आणि लांबून, रेडिएटरच्या बाजूने पुढे. प्रेशर टेस्ट बघायची असेल तर सकाळी इंजिन थंड असताना गाडी आणा, साबणाचं पाणी तुमच्याच हातात देतो.