अमेरिकेतला कर? रूममेटला विचारा की!

चिरंजीव शिकायला अमेरिकेत पोचले, बॅगेतला बडोद्याचा लिलो चेवडो संपला, बँकेत खातं निघालं. आता करासाठी ते रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट, एवढंच ठरवायचं राहिलं. त्यासाठी कायदा कशाला वाचायचा? रूममेट आहे ना. "इथे राहतोस म्हणजे रेसिडेंटच," असा निकाल तो मॅगी ढवळता ढवळता देईल.

अमेरिकेत काढलेले दिवस मोजायची हौसच असेल तर मोजा. यंदाचे सगळे, गेल्या वर्षीचे एकतृतीयांश, त्याच्या आधीच्या वर्षीचे एकषष्ठांश. बेरीज 183 झाली की रेसिडेंट, जिंकलात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या पोराचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या बेरजेत धरतच नाहीत, ही बारीकशी ओळ मात्र वगळा, नाहीतर सगळं गणित वाया. आणि पाच वर्षं म्हणजे साठ महिने असं खुशाल धरून चाला. 28 डिसेंबर 2021 ला उतरलेल्याचं 2021 हे अख्खं वर्ष त्या चार दिवसांतच खर्ची पडलं आणि 1 जानेवारी 2026 पासून त्याचे दिवस मोजायला लागले, हे कळून उगाच झोप कशाला उडवायची!

मग फुकटचं सॉफ्टवेअर उघडा. त्यातल्या बहुतेकांना 1040-एनआर, म्हणजे नॉन-रेसिडेंटचं विवरणपत्र, भरता येत नाही, ती बिनतक्रार रेसिडेंटचं 1040 भरून देतात, आणि वर शिक्षणाच्या क्रेडिटपोटी 1,000 डॉलरपर्यंत परतावाही दाखवतात. नॉन-रेसिडेंटला तो मिळत नाही. पण खात्यात आलेले पैसे आपलेच, नाही का? पुढे 1040-एक्स हे दुरुस्तीचं विवरणपत्र भरून व्याजासकट परत करायचे तेव्हा बघू. याउलट भारत-अमेरिका कराराच्या कलम 21(2) मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, 2025 साठी 15,750 डॉलर. बहुतेक देशांच्या पोरांना ती नाही. तेव्हा त्यांना वाईट वाटू नये म्हणून आपणही सोडून द्यावी.

कमाई शून्य असेल तर 8843 फॉर्मकडे, म्हणजे 'माझे दिवस मोजू नका' असं सांगणाऱ्या कागदाकडे, ढुंकूनही पाहू नका. तो कमाई नसली तरी 15 जूनपर्यंत कागदावर भरून पोस्टाने पाठवायचा असतो, आणि पोस्टात जातं कोण? ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, नोकरी लागली आणि मालकाने पगारातून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे 7.65 टक्के कापले, तर गप्प राहा. नॉन-रेसिडेंट विद्यार्थ्याला ते लागत नाहीत, हे मालकाला सांगणं उद्धटपणाचं दिसतं.

आता बडोद्याकडे वळू. परदेशी शिक्षणाची इथली परंपरा जुनी. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले, आणि अमेरिकेतला आजचा आयकरही त्याच वर्षी आला. तेव्हा दांडिया बाजारातले सीए काका सगळं जाणतातच, त्यांना वेगळं काही सांगू नका. समजा, पोरगं 10 ऑगस्ट 2025 ला निघालं. 1 एप्रिलपासून इथे 132 दिवस झाले. 60 च्या वर, शिवाय आधीच्या चार वर्षांत 365 हून जास्त. 60 ऐवजी 182 दिवसांची सवलत नोकरीसाठी जाणाऱ्याला आहे, शिकायला जाणाऱ्याला नाही. म्हणजे 2025-26 मध्ये तो भारतात रेसिडेंट, अमेरिकेत त्याच वेळी नॉन-रेसिडेंट. आणि परकीय चलनाच्या कायद्याने इथेही नॉन-रेसिडेंट, म्हणून रावपुऱ्यातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करायचं. एकाच पोराची एवढी रूपं बघून आजी दृष्ट काढेल.

रेसिडेंट म्हणजे कॅम्पसवरची कमाईही इथे दाखवायची, तिथे भरलेल्या कराची वजावट फॉर्म 67 भरून मागायची. 31 डिसेंबरपर्यंत परदेशी खातं निघालं असेल तर शेड्यूल एफए, म्हणजे विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता, मग इथली कमाई करपात्र असो नसो. न दाखवल्याचा दंड 10 लाख. ऑक्टोबर 2024 पासून घर-जमीन सोडून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो माफ झाला, पण दाखवणं माफ झालेलं नाही. काकांना यातलं काही कळवू नका. ते आयटीआर-1 भरतील, त्याचं नावच 'सहज'. परदेशी खात्याचं शेड्यूल असतं आयटीआर-2 मध्ये. 'सहज'मध्ये तो रकानाच नाही, त्यामुळे काही लपवल्यासारखंही वाटत नाही.