खुबा डावा की उजवा?

बाबांना मंगळवारी डिस्चार्ज मिळाला आणि बुधवारी सकाळपासून फोन सुरू झाले. आधी भाड्याने बेड देणारा, दुपारी नर्सिंग ब्यूरो. संध्याकाळी ज्याचा आला त्याला तर कुठला खुबा बदललाय हेही पाठ होतं. (आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना अजून ठाऊक नाही.)

ही माहिती बाहेर गेली कशी, हे हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारलं. बाई गोड बोलल्या, "आमच्याकडून जाणं शक्यच नाही, सर." म्हटलं, तपासलंत का? तर म्हणे, "त्यात तपासायचं काय?"

डोकं फिरलं ते इथे. मला पैसे नकोत. बाबांची फाइल कुणाच्या लॉगिनवरून उघडली गेली, हे बाहेरच्या कुणीतरी आत शिरून बघावं आणि कागदावर लिहून द्यावं, एवढंच.

कॅनडात टिम हॉर्टन्स या कॉफीवाल्यांच्या बाबतीत हे झालं. एका पत्रकाराने त्यांच्या अ‍ॅपकडून स्वतःचाच डेटा मागवला, तर पाच महिन्यांपेक्षा कमी काळात २,७०० हून जास्त वेळा त्याचं लोकेशन टिपलेलं. अ‍ॅप बंद असतानासुद्धा. केंद्राच्या आणि तीन प्रांतांच्या प्रायव्हसी आयुक्तांनी मिळून चौकशी केली आणि जून २०२२ मध्ये अहवाल जाहीर केला. दंड शून्य. कोर्टातल्या तडजोडीत ग्राहकांना मिळालं काय, तर एक कॉफी आणि सोबत खायला काहीतरी! हसा खुशाल. पण काय चाललं होतं ते तिथे कुणालाही वाचता येतं.

आपला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. माहिती अधिकारातली 'वैयक्तिक माहिती' देण्याची वाट अरुंद करणारी दुरुस्ती मात्र लगेच लागू! साहेबांची माहिती झाकायला घाई, बाबांच्या खुब्याला दीड वर्ष.

पुढे तरी काय? तक्रार आधी त्याच संस्थेकडे, म्हणजे त्याच गोड बाईंकडे. उत्तराला ९० दिवसांपर्यंत मुदत. मग डेटा संरक्षण मंडळ. दंड २५० कोटींपर्यंत, पण जाणार सरकारी तिजोरीत. तक्रार खोटी ठरली तर आपल्यालाच १०,००० पर्यंत. आणि आज आयटी कायद्याच्या ४३-अ खाली राज्याच्या आयटी सचिवांकडे भरपाई तरी मागता येते. मुख्य बंधनं लागू झाली की ते कलमही जाणार.

तरी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. आज सकाळी वॉकरवाल्याचा फोन आला. मी फोन हिसकावून घेईपर्यंत बाबांनी त्याला भाव विचारला होता.