दवाखाना आधी की हवा आधी?

परवा एका जुन्या मित्राशी फोनवर बजेटवरून चांगलंच भांडण झालं. तो म्हणाला, हे बघ, लोक आज आजारी आहेत, खाटा कमी पडतायत, औषधं मिळत नाहीत, आधी दवाखान्यांना पैसे द्या, ते हवामानबदल आणि पर्यावरण नंतर बघू, तिजोरीत काही उरलं तर. आणि तो उगाच बोलत नाही, त्याची आई महिनाभर ॲडमिट होती, तेव्हा एक खाट मिळवायला त्याने काय काय केलं ते मी जवळून बघितलंय. त्यामुळे त्याचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. फोन ठेवल्यावरही तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

मी बरीच वर्षं सरकारी हिशेबाच्या कामात काढली. बजेट चालतं लेखाशीर्षावर, म्हणजे कुठला पैसा कशासाठी त्याच्या वेगवेगळ्या ठरलेल्या नोंदींवर. आरोग्याचं शीर्ष वेगळं, पर्यावरणाचं वेगळं, ऊर्जा, घरबांधणी, पाणीपुरवठा, आपत्ती सगळं वेगवेगळं, आणि प्रत्येक खातं फक्त आपला आकडा वाढवायला भांडतं. आता एखाद्या पोराला दमा झाला तर ज्या धुराने तो झाला तो धूर एका खात्याकडे आणि दम्याचा पंप दुसऱ्या खात्याकडे. धूर कमी करायला पहिल्या खात्याने पैसे खर्च केले तर वाचलेले पैसे दिसणार दुसऱ्याच्या वहीत, म्हणजे खरं तर कुठेच दिसणार नाहीत, कारण न लागलेल्या पंपाची नोंद कोण करतं? माझ्या मित्राला 'दवाखाना की हवा' असा जो प्रश्न पडतो ना, तो या वह्या वेगळ्या असल्यामुळे पडतो.

लंडनचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस कोळशाचा धूर आणि धुकं शहरावर बसून राहिलं. सुरुवातीला सुमारे ४,००० माणसं दगावल्याचं सांगितलं गेलं, नंतरच्या अभ्यासांत तो आकडा १२,००० पर्यंत गेला. दवाखाने होते, डॉक्टर होते, १९४८ पासून सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवासुद्धा होती. तरी माणसं गेली. मग १९५६ मध्ये क्लीन एअर ॲक्ट, म्हणजे हवा स्वच्छ ठेवायचा कायदा आला आणि त्यात एक फार व्यवहारी गोष्ट होती, घरातली कोळशाची शेगडी बदलून बिनधुराची करायची असेल तर त्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक पैशातून. आता मला सांगा, लोकांच्या घरातली शेगडी बदलायला दिलेला पैसा कुठल्या शीर्षात टाकाल? घरबांधणी? इंधन? पर्यावरण? माझ्या मते तो आरोग्यावरचा खर्च होता आणि कित्येक वॉर्ड बांधून जे झालं नसतं ते त्याने केलं.

असंच पेट्रोलमधल्या शिशाचं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो हे माहीत असूनही कित्येक दशकं ते पेट्रोलमध्ये घातलं गेलं. जगात शेवटी अल्जेरियात जुलै २०२१ मध्ये त्याची विक्री थांबली. रक्तात गेलेल्या शिशाने मुलाचं जे नुकसान होतं ते नंतर कुठलाही दवाखाना पूर्ण भरून देऊ शकत नाही, ते थांबवायची जागा रिफायनरीच होती.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाहेरची आणि घरातली मिळून प्रदूषित हवा वर्षाला सुमारे ७० लाख अकाली मृत्यूंना कारण ठरते, आणि जगातली ९९ टक्के माणसं संघटनेच्या मर्यादेपेक्षा खराब हवेत श्वास घेतात. मग हवेवर खर्च करणं परवडतं का? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता, अमेरिकेच्या स्वतःच्या क्लीन एअर ॲक्टमधल्या १९९० च्या दुरुस्त्यांचा. २०२० या एका वर्षासाठी खर्चाचा अंदाज सुमारे ६,५०० कोटी डॉलर आणि फायद्याचा अंदाज सुमारे २ लाख कोटी डॉलर. साधारण तीसपट! आणि त्यातला बहुतेक फायदा कशातून आला, तर हवेतले धुराचे-धुळीचे बारीक कण कमी झाल्याने जी माणसं मरायची वाचली त्यातून. पण खर्च केला वीजकेंद्रांनी, कारखान्यांनी, गाड्या बनवणाऱ्यांनी, आणि फायदा विखुरला कोट्यवधी लोकांत, ज्यांना आपण वाचलो हे कधी कळणारही नाही.

इथेच राजकारण अडतं. २००९ मध्ये अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मतदारांचा अभ्यास मांडला. आपत्तीनंतर मदत वाटली की लोक सत्ताधाऱ्यांना मतं देतात, पण आपत्ती येण्याआधी तयारीवर खर्च केला तर त्याची मतं मिळत नाहीत. आणि त्यांच्याच हिशेबात तयारीवरचा १ डॉलर पुढचं जवळजवळ १५ डॉलरचं नुकसान वाचवतो. हे वाचलं तेव्हा मला नेत्यांपेक्षा आपलाच राग आला. पाण्यात उभं राहून पाकिटं वाटणाऱ्याचा फोटो आपण शेअर करतो, ज्याने नाला वेळेवर साफ करून घेतला म्हणून पाणी आलंच नाही त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं.

बांगलादेशकडे बघा. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ मध्ये तिथे सरकार आणि रेडक्रॉस यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू केला. १९९१ च्या वादळात तरीही १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली, निवारे कमी पडले होते. ते वाढवले, स्वयंसेवक वाढवले. २००७ मध्ये सिद्र आलं, तेही भयंकर ताकदीचं, त्यात मृत्यू साडेतीन हजारांच्या घरात. तीन हजार माणसं म्हणजे कमी नाहीत, एकेक घर उद्ध्वस्त होतं. पण तीन लाखांवरून तीन हजारांवर येणं हे आलं कशातून, तर भोंगे, झेंडे, रेडिओ, दारोदार जाऊन सांगणारे लोक, दरवर्षीच्या रंगीत तालमी आणि उंचावर बांधलेले निवारे, जे एरवी शाळा म्हणून वापरले जातात. यातलं निवारे सोडलं तर बाकी सगळा दरवर्षीचा, लहान लहान, कंटाळवाणा खर्च आहे.

आणि बजेट कापायची वेळ आली की सगळ्यात आधी नेमका हाच खर्च कापला जातो, हे मी स्वतः बघितलंय. नवी इमारत, नवं मशीन, नवा प्रकल्प म्हणजे भांडवली खर्च, त्याचं उद्घाटन होतं. पगार, देखभाल-दुरुस्ती, प्रशिक्षण हा महसुली खर्च, त्याला 'अनुत्पादक' म्हणायची पद्धतच पडलीय. एका ठिकाणी हवा मोजायचं महागडं यंत्र घेतलेलं होतं. ते ठरावीक काळाने कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे ते बरोबर मोजतंय ना हे तपासून जुळवावं लागतं, फिल्टर बदलावे लागतात, त्याची तरतूद पहिल्या वर्षानंतर कुणी केलीच नाही. मी फाईलवर टिपण लिहिलं, ते परत आलं, पुन्हा लिहिलं. यंत्र तसंच उभं राहिलं, आणि त्या भागात हवा किती वाईट आहे याचा आकडाच नसल्यामुळे पुढच्या वर्षी तिथे पैसे मागायला कारणही उरलं नाही. मला अजून त्याचा त्रास होतो.

उष्णतेच्या लाटेचंही तसंच आहे. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांहून जास्त जादा मृत्यू झाले, म्हणजे एरवी होतात त्यापेक्षा वरचे, त्यातले सुमारे १५ हजार एकट्या फ्रान्समध्ये, श्रीमंत देश, उत्तम दवाखाने. गेलेल्यांत म्हातारी माणसं प्रचंड, कितीतरी जण घरी एकटी. त्यानंतर फ्रान्सने २००४ मध्ये योजना केली, पालिकांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि अपंगांची नोंद ठेवायची, लाट आली की त्यांना फोन करायचा, वृद्धाश्रमात एक तरी थंड खोली हवीच. फोन करायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला, त्यातही मुख्य भाग वेळेवर इशारा, दवाखान्यातल्या लोकांना प्रशिक्षण आणि पाण्याची सोय हाच. आणि एकदा योजना केली म्हणजे झालं असंही नाही, २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात पुन्हा ६० हजारांहून जास्त मृत्यू उष्णतेने झाल्याचा अंदाज आहे. तापमान वाढतंय तसा हा खर्च दरवर्षी थोडा वाढवावाच लागणार.

आता एक जरा किचकट मुद्दा, पण सोडवत नाही. भविष्यातल्या नुकसानीची आजची किंमत काढायला अर्थतज्ज्ञ एक दर वापरतात, सूट-दर म्हणा हवं तर, डिस्काउंट रेट. हा दर ५ टक्के धरला तर शंभर वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान आज जेमतेम ७६ पैशांचं ठरतं. दर १.४ टक्के धरला तर तेच नुकसान आज जवळपास २५ रुपयांचं. नुकसान तेच, लोक तेच, फक्त एका चौकटीतला आकडा बदलला! २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी हवामानबदलावर जो अहवाल केला त्यात साधारण हाच कमी दर होता, म्हणून त्यांचं उत्तर आलं 'आत्ताच खर्च करा', आणि अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांचा दर बराच वर होता, त्यांचं उत्तर आलं 'हळूहळू वाढवा'. मोठे वाद झाले. माझं म्हणणं एवढंच, हा आकडा ठरवणं म्हणजे अजून न जन्मलेल्या मुलांचं मोल ठरवणं आहे, आणि ते कुठल्यातरी परिशिष्टात बारीक अक्षरात ठरू नये, सभागृहात उघड चर्चा होऊन ठरावं.

मित्राने शेवटी विचारलं, बरं बाई, पण पैसा आणायचा कुठून? योग्य प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबात २०२२ मध्ये जगभरच्या सरकारांनी कोळसा, तेल, गॅस यांच्यावर थेट सुमारे १.३ लाख कोटी डॉलर अनुदान दिलं (त्या वर्षी युक्रेनमधल्या युद्धामुळे भाव भडकले होते, म्हणून आकडा फुगलेला आहे हेही सांगायला हवं). म्हणजे धूर स्वस्त करायलाही आपलाच पैसा आणि धुराने झालेला आजार बरा करायलाही आपलाच. पण म्हणून सरसकट कापा असं मी म्हणणार नाही, कारण लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला गॅस स्वस्त मिळणं हेच तिच्या फुप्फुसांचं औषध आहे, घरातल्या धुराने वर्षाला सुमारे ३० लाख लोक मरतात. तिचं अनुदान आणि चार गाड्या असलेल्याचं इंधनाचं अनुदान एका ओळीत बसवू नका. इक्वेडोरने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका फटक्यात इंधनाचं अनुदान काढलं, लोक रस्त्यावर आले आणि निर्णय मागे घ्यावा लागला. इराणने डिसेंबर २०१० मध्ये भाव वाढवण्याआधी लोकांच्या खात्यात रोख रक्कम जमा करून ठेवली होती, तिथे पहिली वाढ तरी पार पडली. क्रम महत्त्वाचा असतो.

म्हणून माझ्यापुरता अग्रक्रम असा. ज्या खर्चाने आजचा आजारही कमी होतो आणि उद्याचं तापमानही, तो आधी, म्हणजे स्वयंपाकाचं स्वच्छ इंधन, कोळशाचा धूर कमी करणं, धूर न ओकणाऱ्या बस. त्याच्याच बरोबरीने पिण्याचं पाणी, सांडपाणी आणि आपत्तीचा इशारा. इशाऱ्याचं तर ऐका, जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत २०२७ पर्यंत तो पोचवायचा संयुक्त राष्ट्रांचा कार्यक्रम आहे, पाच वर्षांचा नवा खर्च ३१० कोटी डॉलर, म्हणजे माणशी वर्षाला अर्धा डॉलरही नाही. मग आरोग्यसेविका, निरीक्षक, दुरुस्तीवाले यांचे पगार, ज्यांना कुठल्याही कपातीत हात लावायचा नाही. मोठे दिखाऊ प्रकल्प सगळ्यात शेवटी. दवाखाने हवेतच, मित्राच्या आईला खाट मिळायलाच हवी होती, त्यात दुमत नाही, पण त्या खाटांवरची गर्दी कमी करणारा खर्च 'उरलं तर' या रांगेत उभा करू नका.

आणि आकडे तपासताना फक्त घोषणा बघू नका. आफ्रिकेतल्या देशांनी २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजात ठरवलं होतं, बजेटचा १५ टक्के वाटा आरोग्याला, बहुतेकांना तो आजवर गाठता आला नाही. फ्रान्सने २०२१ च्या बजेटपासून कुठला खर्च पर्यावरणाला पूरक आणि कुठला मारक हे दोन्ही छापायला सुरुवात केली, मला त्यातलं 'मारक' छापणं जास्त आवडलं. हिरवा शिक्का मारायला सगळे पुढे असतात.

मित्र म्हणाला लोकांनाच हे नको असतं, त्यांना दिसणारं काहीतरी हवं असतं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रीत १९८९ पासून वस्त्यांमधले लोक सभेत बसून शहराच्या बजेटचा काही भाग स्वतः ठरवू लागले, आणि त्यांनी मागितलं काय, तर पाण्याची लाईन आणि जमिनीखालून जाणारी गटारं, जी एकदा पुरली की कुणालाच दिसत नाहीत. ब्राझीलमध्ये ज्या शहरांनी ही पद्धत घेतली तिथे आरोग्य आणि स्वच्छतेवरचा खर्च वाढला आणि बालमृत्यू कमी झाले असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

हे त्याला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, पाठव मला, नक्की काय बघायचं असतं ते. तर त्याला जे लिहून पाठवलं तेच इथे लिहिते, तुम्हीही बघा. तुमच्या पालिकेचं किंवा सरकारचं बजेट वेबसाईटवर असतं. त्यात आरोग्य, पर्यावरण, पाणीपुरवठा आणि आपत्ती व्यवस्थापन एवढीच पानं काढा, यंदाची तरतूद सोडून द्या, दोन वर्षांपूर्वीचा 'प्रत्यक्ष खर्च' हा कॉलम शोधा आणि तो त्या वर्षीच्या मूळ तरतुदीशेजारी लिहा. देखभाल-दुरुस्तीची ओळ वेगळी काढा. फरक किती निघाला तो खाली कॉमेंटमध्ये टाका, मी एकेक करून वाचणार आहे.