कुवाबाराला वगळून दाखवाच

'यू यू हाकुशो' या जपानी चित्रकथेबद्दल एक मत इतक्या वेळा पुढे ढकललं गेलंय की आता ते कुणी तपासूनही बघत नाही. मत असं: कुवाबारा काझुमा हे पात्र कथेतून उचलून बाहेर ठेवलं तरी काही बिघडत नाही. त्याचं काम काय, तर आरडाओरडा करणं, मार खाणं, युसुकेच्या मागे मागे फिरणं आणि मधूनमधून हसवणं. शेवटी तर खुद्द लेखकालाच तो नकोसा झाला. सोबत बहुतेक वेळा केसांचा कोंबडा काढलेला, तोंड वाकडं केलेल्या कुवाबाराचं चित्र चिकटवलेलं असतं, म्हणजे वाचणाऱ्याने आधीच हसून घ्यावं.

ज्यांनी हे वाचलं-पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तोगाशी योशिहिरो यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९० ते १९९४ या काळात जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात आली, तिचे १९ खंड झाले. तिच्यावरचं ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, ११२ भागांचं. उरामेशी युसुके हा शाळा बुडवणारा, मारामाऱ्या करणारा पोरगा एका लहान मुलाला गाडीखालून वाचवताना मरतो, परत जिवंत होतो आणि परलोकाचा गुप्तहेर बनून राक्षसांच्या मागे लागतो. कुवाबारा त्याच्याच शाळेतला दोन नंबरचा दांडगट. पुढे कुरामा आणि हिए हे दोघे राक्षस येऊन मिळतात आणि चौकडी पुरी होते.

आता एकेक मुद्दा घेऊ. पहिला आरोप त्याच्या डोक्यावर: हा नुसता भडकतो, याच्यात विचार नावाची गोष्ट नाही.

भडकतो, हे कबूल. युसुकेच्या अंत्यदर्शनाला सगळे मान खाली घालून उभे असताना हा गडी आत घुसतो आणि फोटोसमोर उभा राहून मेलेल्या माणसाला शिव्या घालतो. आता मी लढू कुणाशी, असा त्याचा सवाल. मित्र धरून मागे ओढतात, तरी आवरत नाही. आल्या-गेल्यांत बाकीच्यांनी रीत पाळली. युसुके खरोखर गेलाय हे अंगावर घेतलं ते याने. पण त्याहून मोठा पुरावा पुढच्याच काही प्रकरणांत आहे आणि तो कुणी काढत नाही. ओकुबो नावाचा त्याचा एक मित्र घरच्या अडचणीमुळे शाळा सांभाळून नोकरी करत असतो. एक शिक्षक ती नोकरी बंद करायची धमकी देतात. वाचवायची असेल तर कुवाबाराने आठवडाभर कुणावर हात उचलायचा नाही आणि विज्ञानाच्या परीक्षेत पास व्हायचं, अशी अट. परीक्षेत ज्याला आजवर कसेबसे दोन आकडे दिसले असतील, तो रात्री जागून पुस्तक उघडतो. वाटेत गुंड गाठतात, धुतात, आणि हा हात खाली ठेवून मार खातो. मुठी वळलेल्या, दात आवळलेले, पण एक फटका परत नाही. एवढं करूनही शिक्षक लबाडी करून त्याचे गुण कमी करतात, तेव्हा कुठे त्याची सहनशक्ती संपायला येते.

डोक्यात राख घालून घेणारा माणूस असा वागतो? त्याचा राग नीट बघितला तर एक गोष्ट लक्षात येते: स्वतःच्या अपमानावरून तो ओरडतो, पण खरा पेटतो तो दुसऱ्यासाठी. आणि जिथे दुसऱ्यासाठी थांबावं लागतं तिथे थांबतोही. राक्षसांचे संघ जिवावर उदार होऊन लढतात त्या काळ्या स्पर्धेत डॉक्टर इचिगाकीचा संघ समोर येतो तेव्हाचं बघा. समोरचे तिघे इचिगाकीने ताब्यात घेतलेली माणसं आहेत, स्वतःच्या मर्जीने लढत नाहीत, हे ओळखणारा कुवाबारा. ओळखल्यावर तो त्यांच्यावर वार करायला साफ नकार देतो आणि सगळ्या प्रेक्षकांसमोर रक्तबंबाळ होतो. युसुकेला कळायला वेळ लागला, याला लागला नाही. त्याची ती सहावी जाणीव कथेच्या सुरुवातीपासून आहे. म्हणून तर भूत झालेल्या युसुकेला त्याची मैत्रीण केको हिच्याशी बोलायचं होतं तेव्हा कुवाबाराचंच शरीर उसनं घ्यावं लागलं.

दुसरा आरोप, तो कायम हरतो. इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही, कारण हा नुसता आठवणींचा घोळ आहे. गेंकाई या म्हाताऱ्या गुरूने शिष्य निवडायला घेतलेल्या परीक्षेत मुसाशीला हरवलं, तेसुद्धा मोडक्या लाकडी तलवारीच्या तुकड्यातून आत्मतलवार, म्हणजे स्वतःच्या आत्मशक्तीची तलवार, काढून. ती तलवार तिथेच जन्मली. चार पवित्र पशू म्हणवणाऱ्या राक्षसांच्या भुलभुलैया किल्ल्यात त्यांच्यातल्या ब्याक्कोला हरवलं. काळ्या स्पर्धेत रिशोला आणि अंतिम फेरीत तोगुरो भावांपैकी थोरल्याला. हरला तो रांदोशी, रिंकूशी, शिशिवाकामारूशी. रिंकूशी तर दोघेही रिंगणाबाहेर पडले होते आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत तो पोरगा आत चढला, एवढाच फरक. चौघांत ताकदीने तो सर्वांत कमी आहे, यात वाद नाही. पण 'सर्वांत कमी' आणि 'कायम हरणारा' यांत अंतर आहे.

तिसरा आरोप मला सगळ्यांत जास्त खटकतो: निष्ठा म्हणजे काय, तर युसुकेचं शेपूट. असं म्हणणाऱ्यांनी चौघांपैकी कोण कशासाठी लढतं हे एकदा बघावं. युसुकेला परलोकाचा कारभार बघणाऱ्या कोएनमाने कामावर लावलंय, जिवंत झाल्याची ती किंमत आहे. कुरामा आणि हिए परलोकातल्या चोरीची शिक्षा सौम्य व्हावी म्हणून पवित्र पशूंच्या किल्ल्यात उतरतात. कुवाबारावर ना नोकरीचं बंधन, ना शिक्षेचं. त्या किल्ल्यात तो स्वतःहून उडी मारतो. गेंकाईकडे तर तो युसुकेच्या आधीपासून स्वतःच्या कारणाने आलेला असतो: भुतं जाणवून जाणवून जीव नकोसा झालाय, त्यावर इलाज हवा. काळ्या स्पर्धेत मात्र त्याला ओढलं गेलं, हे खरं. पण तिथे तर युसुकेलाही पर्याय नव्हता.

शिवाय शेपूट मालकाशी भांडत नाही. कुवाबारा पहिल्या पानापासून युसुकेला हरवायच्या मागे आहे, त्याला 'उरामेशी' म्हणूनच हाक मारतो, चुकलं की तोंडावर सुनावतो. आणि तरी त्या पशूंपैकी सुझाकूशी झालेल्या लढाईनंतर युसुके मरायला टेकतो तेव्हा स्वतः अर्धमेला असलेला हाच उरलीसुरली शक्ती त्याच्यात ओततो. युकिना या राक्षसलोकातल्या मुलीला डांबून ठेवणाऱ्या तारुकानेच्या वाड्यात धाकट्या तोगुरोपुढे दोघांचंही काही चालत नाही, तेव्हा माझ्या पाठीवर तुझी आत्मगोळी, म्हणजे बोटातून सुटणारी शक्ती, झाड आणि त्या धक्क्याने मला त्याच्या अंगावर फेक, ही कल्पनाही याचीच. पाठीत गोळी घालून घ्यायला तयार होणाऱ्याला शेपूट म्हणायचं, की ज्याला युसुकेवर कुणापेक्षाही जास्त भरवसा आहे असा माणूस?

युकिनाच्या प्रेमात तो ठार वेडा होतो, तो भाग मात्र मीही कधीकधी पान उलटून पुढे जातो. एकच विनोद किती ताणावा याला मर्यादा असते.

मग येतो तो 'बाहुला' मुद्दा. काळ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत धाकटा तोगुरो कुवाबाराच्या छातीत बोटं घुसवतो, तो कोसळतो, आणि त्या धक्क्याने युसुकेची खरी ताकद जागी होते. यावरून म्हणतात: बघा, नायकाला चेव यावा म्हणून मित्र मारला, त्याचा उपयोग तेवढाच.

असं म्हणणाऱ्यांनी बहुधा तो प्रसंग अर्धाच बघितलाय. तोगुरोला युसुकेचा सगळा जोर हवाय आणि त्यासाठी कुणीतरी जवळचं मरायला हवं, असा त्याचा हिशेब. कुवाबारा तलवार उपसून त्याच्यावर धावतो तो स्वतःच. पण पुढचं महत्त्वाचं आहे. घाव बसल्यावर त्याच्या लक्षात येतं की तोगुरोने मर्मस्थान मुद्दाम चुकवलंय. आणि मग तो तसाच पडून राहतो. मेल्याचं सोंग घेतो, कारण आपण मेलो असं युसुकेला वाटलं तरच युसुके पूर्ण ताकदीने उभा राहील हे त्याला कळलेलं असतं. लढाई संपल्यावर तो उठून बसतो तेव्हा युसुकेचा आनंद आधी संतापातून बाहेर येतो. ज्याला तुम्ही डोकं नसलेला म्हणता, त्याने छातीत भोक पडलेलं असताना, काही क्षणांत, सबंध स्पर्धेतला सर्वांत थंड डोक्याचा निर्णय घेतलाय. बाहुला असता तर दोरी तोगुरोच्या हातात असती. इथे अर्धी दोरी कुवाबाराने स्वतःकडे ओढून घेतली.

'वगळलं तरी चालेल' हा मुख्य दावा. ठीक, वगळूया. राक्षसलोकाची वाट उघडू बघणाऱ्या सेन्सुईचं प्रकरण कसं चालवायचं? राक्षसलोकाकडे जाणाऱ्या भुयारात बलाढ्य राक्षसांना अडवणारं जाळं आहे आणि ते कापू शकणारी तलवार कुवाबाराकडेच आहे. सेन्सुई कुवाबाराला पळवतो तो याच कारणासाठी, आणि शेवटी ते जाळं कापलं जातं तेही त्याच्याच हातून. तो नसेल तर सेन्सुईचा बेत भुयाराच्या तोंडाशीच अडकतो.

आणि ती तलवार आली कुठून? त्या आधी कुवाबाराची शक्ती गेलेली असते. मितराई नावाचा पोरगा पाण्याच्या शक्तीने त्याच्यावर आणि त्याच्या तीन शाळकरी मित्रांवर हल्ला करतो. त्या तिघांत ओकुबो आहे, तोच, ज्याच्या नोकरीसाठी आठवडाभर मार खाल्ला होता. मित्र पाण्यात गुदमरायला लागतात तेव्हा कुवाबाराची तलवार परत येते, आणि या वेळी ती एका लोकातून दुसऱ्या लोकात वाट कापणारी असते. मारायला आलेल्या मितराईला तो नंतर उचलून घेऊन जातो, त्याच्यावर उपचार होतील असं बघतो. तोगाशींनी सुरुवातीला पेरलेला ओकुबो इतक्या दूरवर नेऊन उगवला आहे, आणि लोक म्हणतात पात्रावर मेहनत नाही.

राहिला शेवट. राक्षसलोकाच्या तीन राजांच्या शेवटच्या प्रकरणात युसुके, कुरामा, हिए राक्षसलोकात जातात आणि कुवाबारा मागे राहतो, अभ्यास करतो, हायस्कूलला जातो. यावरून लेखकाला तो नकोसा झाला असा निष्कर्ष. पण तोवर युसुकेच्या अंगात रायझेन या राक्षसराजाचं रक्त निघालेलं असतं. कुरामा मुळात कोल्हा-राक्षस, हिए तर जन्मानेच राक्षस. चौघांत आता निखळ माणूस उरला तो एकटा कुवाबारा. सुरुवातीच्या प्रकरणांत पास होण्यासाठी रात्र जागवणारा पोरगा शेवटी स्वतःहून पुस्तकं उघडतो, तेव्हा त्याला तिकडे मारामारीला पाठवायचं तरी कशाला? आणि घाईच बघायची तर सगळ्यांच्याच वाट्याला आली आहे. ज्या राक्षसलोकाच्या स्पर्धेसाठी एवढी जुळवाजुळव केली, ती मांगात चटकन गुंडाळली गेली. आपणच युकिनाचा भाऊ आहोत हे हिए तिला शेवटपर्यंत सांगत नाही, ती गोष्टही तशीच लोंबकळत राहते. तरी हिए लेखकाला नकोसा झाला होता, असं म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.