‘कोणत्या भाषेला जास्त स्कोप आहे?’ याआधी दुसरा प्रश्न

‘करिअरसाठी एखादी परकी भाषा ऑनलाइन शिकायचीय, कोणती शिकू?’ असे मेसेज मला नेहमी येतात. मी उलट विचारते, ‘काम काय करता?’ त्यावर उत्तर येतं, ‘ते बघू नंतर, आधी स्कोप कशाला आहे ते सांगा.’ इथेच घोडं पेंड खातं.

अनुवादक, दुभाषी, शिक्षक ही कामं सोडली तर नुसत्या भाषेवर नोकरी मिळणं अवघड असतं, असं माझं ठाम मत आहे. भाषा आपल्या हातातल्या कामाची किंमत वाढवते. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी२ पातळी (युरोपातल्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांमधली चौथी) लागते. त्यामुळे अनुभवी नर्सने जर्मन शिकण्यात सरळ हिशोब आहे. पण हातात दुसरं काहीच नाही आणि केवळ कुणीतरी सांगितलं म्हणून बी२ केलं, तर सर्टिफिकेट मिळेल आणि पुढे काय हा प्रश्न जिथल्या तिथे राहील.

आता ‘तीन महिन्यांत अस्खलित’ या जाहिरातींबद्दल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. त्यांच्या अंदाजाप्रमाणे जपानी, कोरियन, चिनी किंवा अरबी कामात वापरता येण्याइतकी यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात. रोज एक तास दिलात तर सहा वर्षं झाली! हा अंदाज इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे, आणि इथे आपल्याला थोडी सूट मिळते. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, प्रत्यय नामानंतर लागतात. हे इंग्रजी माणसाला विचित्र वाटतं, आपण जन्मापासून तसंच बोलतोय. जर्मनमधली तीन लिंगं ऐकून इतर लोक डोकं धरतात, आपल्याला फक्त कुठल्या शब्दाला कुठलं हे पाठ करायचं असतं. (अर्थात तेही कमी छळत नाही.) सूट म्हणजे फुकट नव्हे. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, कुणालाच चुकलेली नाही.

मी जर्मन ऑनलाइनच शिकले, त्यामुळे ऑनलाइनला नावं ठेवणार नाही. नावं ठेवायचीत ती मोठ्या बॅचला. साधं गणित करा. एका तासाचा क्लास, तीस जण. शिक्षकांनी निम्मा वेळ व्याकरण समजावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला एक मिनिट येतं. प्रत्यक्षात तेही येत नाही. ‘समजलं ना सगळ्यांना?’ असं विचारलं की चॅटमध्ये ‘येस मॅम’ची रांग लागते, दोन-तीन उत्साही लोक माइक सुरू करतात आणि बाकीचे कॅमेरा बंद करून दुसऱ्या टॅबमध्ये ऑफिसचे मेल बघत असतात. रेकॉर्डिंग मिळणार आहे या भरवशावर. ते रेकॉर्डिंग कोण बघतं, हे ज्याचं त्यानं मनाला विचारावं.

म्हणून डेमो लेक्चरला फी विचारण्याआधी बॅचमध्ये किती जण असतील आणि मला किती मिनिटं बोलायला मिळेल, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या डेमोला जा. अ‍ॅपवर लिपी आणि शब्द शिका, व्याकरण व्हिडिओवरून शिका. या गोष्टींसाठी मोठी फी भरायची गरजच नाही. पैसे खर्च करायचेत ते समोरासमोर बोलण्यावर आणि लिहिलेलं तपासून घेण्यावर. आठवड्यातून अर्धा तास एकट्याचा क्लास लावला तरी तीसजणांच्या बॅचपेक्षा जास्त बोलणं होतं.

सर्टिफिकेटमध्ये नेमकं काय तपासलं जातं, हेही बघून घ्या. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन५ (सर्वात सोपी) ते एन१ (सर्वात अवघड) अशा पाच पातळ्या आहेत आणि एकाही पातळीला तोंडी परीक्षा नाही. निबंधही नाही, सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. त्यामुळे एन२ पास झालेला माणूस मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’नंतर गप्प होऊ शकतो. परीक्षा खोटी नाही, ती ऐकणं आणि वाचणं मोजते. जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी२ परीक्षेत मात्र वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. मुदतीचंही पाहा. कोरियनच्या टोपिक परीक्षेचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. नोकरीसाठी अर्ज कधी करणार हे ठरवल्याशिवाय फॉर्म भरण्यात अर्थ नाही.

कामाची भाषा म्हणजे काय, हे बघायचं असेल तर जर्मनीत डॉक्टरांना द्यावी लागणारी वैद्यकीय भाषेची परीक्षा पाहा. वीस मिनिटं रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसाशी बोलून त्रास समजून घ्यायचा, वीस मिनिटांत त्यावरून टिपण लिहायचं, आणि उरलेली वीस मिनिटं सहकारी डॉक्टरला ती केस सांगायची. रुग्ण सोप्या भाषेत बोलणार, सहकाऱ्याला लॅटिन नावं लागणार, दोन्ही तुम्हीच सांभाळायचं. ही तयारी कुठल्याही अ‍ॅपच्या स्ट्रीकमधून, म्हणजे रोज न चुकता लावलेल्या हजेरीतून, होत नाही.

तुमच्या कामासाठी अशी परीक्षा नसेल, तर स्वतःच घ्या. गेल्या महिन्यात कामावर काय बिघडलं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं, हे त्या भाषेत पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. पहिल्याच मिनिटात कळेल की सफरचंद, पोपट आणि रेल्वे स्टेशन सगळं येतंय. पण ‘डिलिव्हरी उशिरा झाली, कारण ड्रॉइंग बदललं होतं’ हे येत नाही. तिथून पुढचा अभ्यास काय करायचा, ते आपोआप ठरतं.

‘आता एआय भाषांतर करतं, कशाला शिकायचं?’ हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. मेल आणि कागदपत्रांपुरतं ते बरोबर आहे, मीही वापरते. पण मीटिंगमध्ये चारजण एकमेकांचं बोलणं तोडत बोलत असतात, कुणीतरी हळूच नाराजी दाखवतं आणि तुम्हाला त्याच क्षणी उत्तर द्यायचं असतं. तिथे मोबाइल पुढे धरून बसणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलावतात का, ते बघा.

आणि रिझ्युमेवर ‘बेसिक जर्मन’ असं मोघम लिहू नका. पातळी, परीक्षेचं नाव, वर्ष लिहा. परीक्षा दिली नसेल तर त्या भाषेत कामाचं काय करू शकता ते लिहा. जे लिहाल त्यावर मुलाखत घेणारा मध्येच भाषा बदलून प्रश्न विचारू शकतो, एवढं धरून चला.