काचबिंदूवाल्यांचं काय?

मोतीबिंदूवरच्या या लेखात 'बिनब्लेडची लेसर शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी सुरक्षित' असं सरसकट लिहिलंय. आमच्या आईला मोतीबिंदूच्या आधीपासून काचबिंदू, म्हणजे डोळ्याची नस झिजवणारा आजार, आहे. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: फेमटो लेसर (हाच तो बिनब्लेडचा) मारताना डोळा हलू नये म्हणून त्यावर एक कडं हवा ओढून घट्ट बसवतात. तेवढी काही मिनिटं डोळ्यातला दाब चढतो. एरवी तो साधारण 10 ते 21 मिमी पारा असतो, तेव्हा त्याच्या बराच वर जाऊ शकतो. धडधाकट नस हे सोसते, आधीच झिजलेल्या नसेचा मात्र विचार करावा लागतो. कड्यात द्रव भरायचं यंत्र असेल तर दाब त्यामानाने कमी चढतो, म्हणून यंत्र कोणतं ते विचाराच. शिवाय लेसर नुसत्या चिरा देतो, भिंगाचे तुकडे करतो; ते बाहेर काढायला फेको (ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेणं) लागतेच, अन् त्यातही दाब खालीवर होतोच. पॅकेजच्या कागदावर हे कुठं असतं!

आईची लेसरशिवाय साधी फेकोच केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब 26 निघाला, गोळी दिली, आठवड्याने 15. काचबिंदूचे थेंब चालूच आहेत. परवा अंगणात बसून संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे एकेक करून काढत होती.